होम स्टेजिंगचा संध्याकाळचा क्लास: कुणाला, काय आणि कसं शिकवायचं

प्रश्न: मी मध्य न्यू जर्सीत काही वर्षं होम स्टेजिंग करते, म्हणजे विकायला काढलेलं घर ग्राहकांना दाखवण्यासाठी आवरून-मांडून देते. आमच्या टाऊनशिपच्या अ‍ॅडल्ट स्कूलमध्ये संध्याकाळचा क्लास घ्यावा असं फार दिवस मनात आहे. प्रस्ताव कसा द्यायचा? नेमकं काय शिकवायचं? यात पैसे सुटतात का? सगळं शिकवून टाकलं तर आपण आपलेच स्पर्धक तयार करत नाही का? की हाच क्लास मराठी मंडळात घेतलेला बरा?

उत्तर:

क्लास जरूर घ्या. पैशांचं आणि प्रस्तावाचं पुढे सांगते, पण आधी समोर कोण बसणार आहे ते नीट बघा, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

अ‍ॅडल्ट स्कूल ही न्यू जर्सीत चांगली मुरलेली गोष्ट आहे. साऊथ ऑरेंज-मेपलवूडची शाळा १९३३ साली ऐन मंदीत सुरू झाली, प्रिन्स्टनची १९३९ सालची. दिवसा जिथे पोरं भूमिती शिकतात त्याच वर्गांत रात्री मोठी माणसं इटालियन, ब्रिज, जलरंग शिकतात. पदवी नाही, परीक्षा नाही. माणूस नोकरी आटोपून, जेमतेम दोन घास खाऊन, स्वतःच्या खिशातून फी भरून येतो. उपयोगाचं काही हाती लागलं नाही तर पुढच्या आठवड्यात त्याची खुर्ची रिकामी दिसते. शिकवणाऱ्याला यापेक्षा खरी पावती दुसरीकडे मिळत नाही, म्हणून मला हा वर्ग फार मोलाचा वाटतो.

स्टेजिंगच्या क्लासला येतात ते बहुतेक सगळे एकच घर, एकदाच विकणारे. मुलं कॉलेजला गेली, चार बेडरूमचं घर आता अंगावर येतं, असं साठीच्या आसपासचं जोडपं. आई-वडील गेले, त्यांचं चाळीस वर्षांचं घर आवरून विकायचंय, अशी भावंडं. ही हमखास दोघं-तिघं मिळून येतात आणि वर्गातही त्यांचं एकमत नसतं. नुकतं लायसन्स मिळालेला एखादा एजंट. भाडेकरू गेल्यावर घर विकायला काढणारा एखादा मालक. आणि ‘मलाही हे काम करायचंय’ म्हणणारे एक-दोघे. तुमचा क्लास या शेवटच्या एक-दोघांसाठी नाही, हे आधीच ठरवा. बरेच जण इथे घसरतात. आपल्या धंद्याच्या गोष्टी सांगत बसतात: सामानाचं गोदाम, भाड्याचे करार, ट्रक, मोकळ्या घराचं स्टेजिंग. समोरच्या बाईंना मात्र एवढंच हवं असतं की मार्चमध्ये घर लिस्ट करायचंय, म्हणजे विक्रीच्या यादीत टाकायचंय, हातात आठ आठवडे आहेत, खिशात थोडे पैसे आहेत, तर कुठून सुरुवात करू.

त्यांना द्यायची मुख्य गोष्ट एकच: परक्याची नजर. ज्या घरात आपण वीस वर्षं राहतो ते आपल्याला दिसेनासं होतं. दारामागचा बुटांचा ढीग, छतावरचा पाण्याचा जुना डाग, टीव्हीमागून लोंबणाऱ्या वायरी, सगळं नजरेला सरावतं. ग्राहक मात्र नेमकं तेच बघतो, तेही आधी फोनच्या पडद्यावर. म्हणून सोफ्यावर किती उश्या ठेवायच्या हे शिकवण्यात वेळ घालवू नका. बघायला शिकवा.

मी ते असं करते. पहिल्या वर्गाच्या आठवडाभर आधी प्रत्येकाकडून तीन फोटो मागवते: घराच्या मुख्य दारातून आत बघताना, स्वयंपाकघराच्या दारातून, मोठ्या बेडरूमच्या दारातून. दिवसाउजेडी, सगळे दिवे लावून, फोन आडवा आणि छातीच्या उंचीवर धरून. एकच अट, आवरायचं नाही. ज्यात मुलांचे चेहरे, पत्ता किंवा औषधांच्या बाटल्या दिसतात असे फोटो वगळते. नाव न सांगता एकेक फोटो पडद्यावर दहा सेकंद दाखवते, पडदा बंद करते आणि सगळ्यांना पहिली दिसलेली वस्तू कागदावर लिहायला सांगते. ज्यांचं घर आहे त्यांनी गप्प बसायचं.

एका बाईंनी बैठकीच्या खोलीचा फोटो आणला होता. सुंदर दगडी फायरप्लेस, नवऱ्याने स्वतः बांधलेली. त्यांची खात्री होती की घर विकलं जाईल ते या फायरप्लेसमुळे. कागद गोळा केले तर सगळ्यांनी लिहिलं होतं ट्रेडमिल. ती कोपऱ्यात होती, पण खिडकीच्या उजेडात काळीभोर उठून दिसत होती आणि तिच्यावर दोन टॉवेल वाळत होते. फायरप्लेसचं नावही कुणी घेतलं नव्हतं. मी एक शब्दही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याच जागेवरून दुसरा फोटो काढून आणला. ट्रेडमिल बेसमेंटला गेली होती आणि फायरप्लेससमोरची खुर्ची थोडी वळवली होती. खर्च शून्य. वर्गात नुसतं ‘मोठं सामान हलवा’ म्हटलं असतं तर वहीत एक ओळ वाढली असती, एवढंच.

मापं शिकवायची असतील तर स्लाइड नकोत. बाकं भिंतीला सरकवा आणि निळी पेंटर्स टेप घेऊन जमिनीवर सोफा आखा, सात फूट लांब, तीन फूट रुंद. त्याच्यासमोर पाच बाय आठचा गालिचा आखा. बहुतेकांच्या घरी हाच असतो, कारण तो स्वस्त मिळतो. त्याभोवती आठ बाय दहाचा चौकोन काढा आणि लोकांना आत उभं राहू द्या. लहान गालिच्यावर सोफ्याचा एकही पाय येत नाही. मोठ्यावर सोफ्याचे आणि खुर्च्यांचे पुढचे पाय येतात आणि बैठक एकत्र बांधली जाते. मग कॉफी टेबल आखा, सोफ्यापासून सोळा ते अठरा इंचांवर. मग दारापासून खिडकीपर्यंत चालायची वाट, तीस ते छत्तीस इंच. आता दोघांना त्या वाटेने एकमेकांसमोरून जायला सांगा. ओपन हाऊसला, म्हणजे घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात तेव्हा, नवरा-बायको आणि मागे एजंट असे तिघे शिरतात, त्यांना अंग चोरून चालावं लागलं तर खोली लहान, असा त्यांचा ग्रह तिथेच होतो. हा अर्धा तास लोकांना वर्षभर आठवतो. घरी जाऊन ते खरंच टेप लावतात.

पैशांबद्दल लोकांना सगळ्यांत जास्त विचारायचं असतं आणि तिथे तुमचं पहिलं काम आहे त्यांचा हात आखडता ठेवणं. क्रम सांगा आणि तो फळ्यावर शेवटपर्यंत राहू द्या: आधी सामान कमी, मग सफाई, मग किरकोळ दुरुस्त्या, मग रंग, मग दिवे, आणि नवीन वस्तू सगळ्यांत शेवटी. लोक उलटे जातात. पहिल्याच दिवशी होमगुड्समध्ये जाऊन कुशन्स आणतात आणि ती भरलेल्या घरात आणखी भर घालतात. क्लोझेट अर्धं रिकामं झालं पाहिजे, कारण ग्राहक ते उघडून बघतो आणि गच्च भरलेलं क्लोझेट त्याला ‘इथे जागा पुरत नाही’ असं सांगतं. किचनच्या काउंटरवर दोन-तीन वस्तू, बाकी सगळं आत. शेगडीवरच्या कॅबिनेटची दारं हाताने चाचपून बघायला सांगा; तेलाचा चिकट थर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो.

दिव्यांवर मात्र हातचं न राखता वेळ द्या. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनचा, म्हणजे उजेड पिवळा की निळसर हे सांगणारा, आकडा असतो हेच अनेकांना माहीत नसतं. एकाच खोलीत एक पिवळा, एक निळसर पांढरा आणि एक उडालेला बल्ब असतो, मग फोटोत भिंतीचा रंग तीन ठिकाणी तीन दिसतो. संपूर्ण घरात २७०० किंवा ३००० केल्व्हिन, एकच आकडा निवडा, दिव्यांच्या काचा धुवा, बस. माझ्या मते इतक्या कमी पैशात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. वर्गात दोन टेबललॅम्प घेऊन जा, एकात २७००, दुसऱ्यात ५००० चा बल्ब, आणि दोन्हींखाली एकच पांढरा कागद धरा.

रंगाची चर्चा आटोपशीर ठेवा, नाहीतर दोन तास त्यातच जातात. शेरविन-विल्यम्सचा अ‍ॅग्रीएबल ग्रे किंवा बेंजामिन मूरचा रिव्हिअर प्यूटर ही नावं त्यांनी आधीच ऐकलेली असतात. दोन्ही चालतात, पण नमुना भिंतीवर लावून सकाळी आणि संध्याकाळी बघितल्याशिवाय डबा घेऊ नका, एवढं सांगून पुढे जा. एक गोष्ट मात्र विसरू नका. घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं; तो कुणीही स्वतः खरवडायला किंवा घासायला घेऊ नये. आपल्या भागात अशी घरं ढिगाने आहेत.

आता प्रामाणिकपणाबद्दल. आपल्या धंद्यात आकड्यांची फेकाफेक फार चालते. ‘स्टेज केलेलं घर अमुक टक्के जास्त किमतीला जातं’ असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. वर्गात तसं करू नका. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या घरविक्री एजंटांच्या संघटनेची पाहणी दाखवा, पण ती काय आहे तेही सांगा. २०२३ च्या पाहणीत ग्राहकांच्या ८१ टक्के एजंटांनी म्हटलं की स्टेजिंगमुळे ग्राहकाला ते घर आपलं म्हणून डोळ्यांसमोर आणणं सोपं जातं. हे एजंटांचं मत आहे, दोन सारख्या घरांची तुलना नाही. २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लोकांना एकच घर वेगवेगळ्या रंगांत आणि फर्निचरमध्ये पडद्यावर दाखवलं होतं. नीटनेटकं घर त्यांना राहायला जास्त आवडलं, पण त्यासाठी सांगितलेल्या किमतीत ठळक फरक पडला नाही. मी दोन्ही सांगते. मग माझं मत सांगते: स्टेजिंगचा मोठा फायदा म्हणजे जास्त लोक घर बघायला येतात आणि घर बाजारात पडून राहत नाही. पडून राहिलं की किंमत उतरवावी लागते, आणि नुकसान होतं ते तिथे. लोकांना हे पटतं. इतिहास विचारलाच तर पाच मिनिटं पुरे: वॉशिंग्टन राज्यात बार्ब श्वार्ट्झ यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम या नावाने रुजवलं, त्यांना नाटकाची पार्श्वभूमी होती.

दोष झाकायचा नाही, हेही त्याच बैठकीत सांगा. ऑगस्ट २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला घराच्या स्थितीचा जाहीरनामा भरून द्यावा लागतो. गळणाऱ्या बेसमेंटचा डाग पेटीमागे लपवणं किंवा कुजलेल्या फळीवर गालिचा टाकणं हे स्टेजिंग नव्हे, ती फसवणूक आहे, आणि निस्तरावी लागते ती मालकाला. कॉम्प्युटरवर फर्निचर घातलेल्या फोटोंचंही तेच. रिकाम्या खोलीत सोफा दाखवा, पण तो काल्पनिक आहे असं फोटोवर लिहा. खिडकीबाहेरचा विजेचा खांब पुसू नका. कॅलिफोर्नियाने तर असे बदललेले फोटो उघड सांगण्याचा कायदाच केला, तो जानेवारी २०२६ पासून लागू आहे.

यानंतरचा विषय सगळ्यांत नाजूक आहे आणि तो टाळू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. घरातले कुटुंबाचे फोटो, देव, भाषा, स्वयंपाकाचे वास काढून टाका, हा सल्ला आपण स्टेजर सरसकट देतो. देताना तो कुणाच्या कानावर पडतोय याचं भान ठेवा. कॅलिफोर्नियात मरीन सिटीतल्या एका कृष्णवर्णीय दांपत्याच्या घराचं २०२० मध्ये ९,९५,००० डॉलर मूल्यांकन झालं. त्यांनी आपले फोटो आणि चित्रं भिंतींवरून उतरवली, एका गोऱ्या मैत्रिणीला मालकीण म्हणून आणि तिच्या कुटुंबाचे फोटो घरात ठेवून पुन्हा मूल्यांकन करून घेतलं, तर आकडा आला १४ लाख ८० हजारांच्या वर. घर तेच, आणि मध्ये काही आठवडे. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये तडजोड झाली. तुमच्या वर्गात कृष्णवर्णीय, चिनी, गुजराती, पोलिश, सगळे बसलेले असतात. त्यांना ‘फोटो उतरवा, घर तटस्थ दिसेल’ एवढंच सांगितलं तर त्यांना ऐकू येतं ते ‘तुम्ही दिसू नका’. घरांच्या व्यवहारात भेदभावाला बंदी करणारा फेअर हाउसिंगचा कायदा १९६८ चा, न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा तर १९४५ चा. तरीही हे घडतं.

मी वर्गात सगळं उघड मांडते. कुटुंबाचे फोटो उतरवण्याचं व्यावहारिक कारण आहे: लोक घर बघायचं सोडून माणसं बघत बसतात, आणि इंटरनेटवर मुलांचे चेहरे जाऊ नयेत. हे कारण सगळ्यांना सारखंच लागू आहे. पण वंश किंवा धर्म लपवला तर भाव चांगला येईल, असा सल्ला मी देत नाही. कुणी विचारलं तर हे प्रकरण सांगते, त्यांचे हक्क सांगते आणि निर्णय त्यांच्यावर सोपवते.

आपल्या लोकांच्या घरी प्रश्न येतो देवघराचा. मास्टर बेडरूमच्या क्लोझेटमधलं देवघर असेल तर दार लावून घ्यायचं, काम भागलं. हॉलमध्ये मोठा देव्हारा असेल तर मी हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नका. तो घरच्यांनीच, त्यांच्या रीतीने हलवावा. नाही हलवला तरी घर विकलं जातं. आजूबाजूच्या भिंती मोकळ्या ठेवा, समईची काजळी पुसा, छतावर धुराचा डाग असेल तर रंगवून घ्या. वासाचंही तसंच. फोडणीच्या वासावर शेरा मारायचा आणि कुत्र्याच्या किंवा सिगारेटच्या वासाला सूट द्यायची, असं होता कामा नये. वास कापडात बसतो, मग घर कुणाचंही असो. पडदे धुवा, गालिचे साफ करून घ्या, चिमणीचा आणि हीटिंगचा फिल्टर बदला, ओपन हाऊसच्या दिवशी सकाळी चुलीवर काही तळू नका. प्लगमध्ये लावायची सुगंधी यंत्रं काढून टाका. ती लागली की ग्राहक म्हणतो, इथे काहीतरी झाकलंय.

आता व्यवहाराचं. अ‍ॅडल्ट स्कूलचं सगळं कॅटलॉगवर चालतं. शरद ऋतूच्या सत्राचे प्रस्ताव साधारण मे-जूनमध्ये आणि हिवाळा-वसंताचे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घेतात. नेमकी तारीख तुमच्या शाळेकडून फोन करून घ्या. तुम्हाला हवं आहे हिवाळ्याचं सत्र, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. आपल्याकडे घरं बाजारात येतात मार्चपासून, म्हणजे लोकांना कामाला सहा-आठ आठवडे मिळतात. एप्रिलमध्ये क्लास घेतलात तर ऐकणाऱ्यांची घरं आधीच लिस्ट झालेली असतात.

पहिल्या वर्षी एकाच संध्याकाळचा दोन तासांचा क्लास द्या. फी कमी असते, नाव नोंदवणारे जास्त असतात, आणि संचालकांनाही तुम्हाला जोखता येतं. जमलं की पुढच्या वर्षी तीन आठवड्यांचा करा: पहिला बघण्याचा, दुसरा मापांचा आणि दिव्यांचा, तिसरा फोटो आणि ओपन हाऊसचा. मध्ये आठवडा असणं महत्त्वाचं, कारण खरं काम लोक त्या आठवड्यात घरी करतात.

कॅटलॉगमधला मजकूर पन्नास-साठ शब्दांचा असतो आणि क्लास भरतो की रद्द होतो ते तिथेच ठरतं. किमान सहा-आठ नावं आली नाहीत तर बहुतेक शाळा क्लास रद्द करतात. स्वतःचं कौतुक दोन ओळींपलीकडे नेऊ नका. शीर्षकात ‘स्टेजिंगची कला’ नको, ‘या वसंतात घर विकताय?’ असं काहीतरी हवं. त्याखाली तीन ठोस गोष्टी: कुठे पैसे घालायचे, कुठे घालायचे नाहीत, घरचे तीन फोटो आधी पाठवा. प्रस्तावासोबत तासागणिक आराखडा, खोलीत काय लागेल (पडदा, प्रोजेक्टर, हलवता येणारी बाकं) आणि एक संदर्भ जोडा. खुर्चीला जोडलेली बाकं असलेला वर्ग मिळाला तर टेपचा प्रयोग होत नाही, म्हणून ते आधी विचारा. शाळेच्या इमारतीत शिकवायचं म्हणून पार्श्वभूमी तपासणी मागू शकतात, त्यासाठी वेळ धरा.

पैसे? मोबदला कुठे तासावर असतो, कुठे फीमधला वाटा. तयारीचे तास धरले तर एका घराच्या सल्ल्याला आपण जे घेतो त्यापेक्षा तो कमीच पडतो. त्यासाठी क्लास घेत असाल तर निराश व्हाल. कामं मिळतात, पण आडून. शाळा वर्गात स्वतःची विक्री करू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. शेवटच्या पानावर नाव आणि ईमेल, बस. कुणी वर्गात ‘माझ्या घरी येऊन बघाल का’ विचारलं तर वर्ग संपल्यावर बोलू म्हणा. आणि एक पथ्य: ‘आधी-नंतर’चे फोटो दाखवताना मालकाची लेखी परवानगी घ्या. लिस्टिंगचे फोटो तर सहसा फोटोग्राफरच्या मालकीचे असतात, ते उचलून स्लाइडमध्ये घालू नका.

स्पर्धकांची भीती सोडून द्या. ज्यांना स्वतः करायचं आहे ते आपल्याला कामाला लावणार नव्हतेच. वर्गात आल्यावर निदान नीट करतात. ज्यांना झेपणार नाही त्यांना दोन तासांत कामाचा आवाका कळतो आणि ते माणूस शोधू लागतात. धंदा सुरू करू पाहणाऱ्या एक-दोघांना खरं सांगा: होम स्टेजर म्हणून काम करायला सरकारी लायसन्स लागत नाही, सर्टिफिकेट देतात त्या खाजगी संस्था, आणि ते नसलं तरी काम अडत नाही. लागतात विमा, लेखी करार आणि पाठीत ताकद. त्यांतली एखादी मेहनती निघाली तर पुढे तुम्हालाच मदतनीस म्हणून हवी असते.

मंडळाचं म्हणाल तर तिथे क्लास नको, तासाभराचं भाषण द्या, तेही अ‍ॅडल्ट स्कूलमध्ये एक सत्र झाल्यावर. ओळखीच्यांसमोर कुणी आपल्या घरचा न आवरलेला फोटो पडद्यावर येऊ देत नाही, आणि त्याशिवाय हा क्लास उभाच राहत नाही. परक्यांच्या वर्गात तो संकोच नसतो. शिवाय मंडळात प्रश्न लगेच ‘आमच्या गल्लीतलं ते घर केवढ्याला गेलं’ याकडे वळतात. देवघर, मसाल्यांचं कपाट, भारतातून आलेल्या आई-बाबांची खोली अशा खास आपल्या घरांच्या अडचणी मात्र मंडळात मोकळेपणी बोलता येतात, म्हणून भाषण त्यांच्यावरच ठेवा.

प्रस्तावाचा मसुदा आणि कॅटलॉगचा मजकूर तयार झाला की पाठवा, मी बघून देईन. मजकूर आधी लिहा. पन्नास शब्दांत क्लास सांगता आला नाही तर आराखड्यात कुठेतरी दोन क्लास एकात कोंबलेत असं समजा, आणि त्यातला एक पुढच्या सत्रासाठी बाजूला काढा.